जौहरी बदलून काय होणार?

जुलै २०२४. दहावीचा वर्ग, उर्दूचा तास. मागच्या बाकावरचा एक मुलगा, मँचेस्टर युनायटेडचा कट्टर चाहता, वही उघडता उघडता म्हणाला, "सर, अब सब बदलेगा." मला वाटलं, कुणी मोठा खेळाडू विकत घेतला असेल. तसं काही नव्हतं. डॅन अ‍ॅशवर्थ रुजू झाला होता.

अ‍ॅशवर्थ खेळाडू नाही, मॅनेजरही नाही. तो स्पोर्टिंग डायरेक्टर. म्हणजे क्लबने कोणते खेळाडू हेरायचे, कुणाला विकत घ्यायचं, कुणाला सोडायचं, या सगळ्या कारभारावर नजर ठेवणारा माणूस. न्यूकॅसलकडून त्याला सोडवून आणायला युनायटेडला कित्येक महिने घासाघीस करावी लागली, वर भरपाईही मोजावी लागली. फेब्रुवारीपासून चाहते दिवस मोजत होते. १ जुलैला तो आला. ८ डिसेंबरला गेला. आमच्या शाळेत सहामाहीचा निकाल लागून पालकसभा होते न होते, तोवर सगळं बदलणाऱ्या माणसाची नोकरी संपली होती.

त्यानंतर मुलं शहाणी झाली असतील असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही फुटबॉलवेड्यांना ओळखत नाही. आता चर्चा क्रिस्टोफर व्हिवेलची सुरू झाली. लाइपझिगमध्ये त्याने काय केलं, चेल्सीतून काही महिन्यांतच का निघाला, त्याची नजर चांगली की त्याचा डेटा चांगला. मधल्या सुट्टीत दोन तट पडले. एक म्हणे, "मैदानावर उभं राहून बघणारा माणूस पाहिजे." दुसरा म्हणे, "आता जमाना लॅपटॉपचा आहे." त्या मोसमात युनायटेड लीगमध्ये पंधराव्या क्रमांकावर राहिली, पण वाद काही थांबला नाही. आणि मुलांनाच का नावं ठेवू? स्टाफरूममध्ये चाळिशी ओलांडलेले आम्ही मास्तरसुद्धा हेच करत होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. हा वाद पोकळ आहे. नवा माणूस कोण, त्याची नजर किती तीक्ष्ण, याच्यावर आपण रात्री जागवतो. तो जे बघेल ते क्लबमध्ये ऐकून कोण घेणार, हा खरा प्रश्न कुणी विचारतच नाही.

उर्दू शिकवणाऱ्याला एक जुनी फारसी म्हण तोंडपाठ असते. तिचा अर्थ असा की मोत्याची किंमत एक तर बादशाहाला कळते, नाही तर जौहऱ्याला. ही म्हण मी वीस वर्षं वर्गात सांगत आलो. फुटबॉलने मला तिच्यातल्या "नाही तर"वर शंका घ्यायला शिकवलं. जौहऱ्याने मोती ओळखला आणि बादशाहाने हात झटकले, तर मोती बाजारातच पडून राहतो. दोघंही लागतात. हे मी हवेत बोलत नाही, एकाच शहरातली एकाच वर्षातली गोष्ट सांगतो.

त्याआधी थोडं लेस्टरबद्दल. २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटीने इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली. मोसमाच्या सुरुवातीला सट्टेवाले या विजयाला एकास पाच हजार असा भाव देत होते. त्या संघाचे तीन खांब म्हणजे जेमी वार्डी, रियाद महरेझ आणि एन्गोलो कान्ते. वार्डी २०१२ मध्ये फ्लीटवुड नावाच्या, व्यावसायिक लीगच्याही बाहेरच्या क्लबातून आला. महरेझ जानेवारी २०१४ मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतल्या ल हाव्रकडून आला, पाच लाख पौंडांपेक्षाही कमी किमतीत. लेस्टरचे लोक तिथे दुसऱ्याच एका खेळाडूला बघायला गेले होते आणि हा अंगकाठीने किडकिडीत पोरगा त्यांच्या नजरेत भरला. कान्ते २०१५ मध्ये कां या फ्रेंच क्लबातून आला. या भरतीचा प्रमुख होता स्टीव्ह वॉल्श.

कान्तेची गोष्ट नीट ऐका. मॅनेजर क्लॉडिओ रानिएरी यांना तो फार ठेंगणा वाटला होता. इंग्लंडच्या धसमुसळ्या खेळात हा टिकणार कसा? वॉल्शने एकदा सांगून विषय सोडला नाही. रानिएरी दिसले की "कान्ते", पुन्हा दिसले की पुन्हा "कान्ते", असा त्याने जप लावला. शेवटी रानिएरी यांनी ऐकलं. वर्षभरात लेस्टर विजेता झाला.

आता २०१६ च्या उन्हाळ्यात या. लिव्हरपूल शहरात दोन मोठे क्लब, एव्हर्टन आणि लिव्हरपूल. तेव्हा दोघांच्या मैदानांमध्ये फक्त एक बाग होती. जुलैमध्ये एव्हर्टनने स्टीव्ह वॉल्शला डायरेक्टर ऑफ फुटबॉल नेमलं. चाहते हरखले. कान्ते आणि महरेझ शोधणारा माणूस आपल्याकडे आला, मालकाच्या हातात पैसा आहे, आणखी काय हवं? चार महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, बागेपलीकडच्या लिव्हरपूलने मायकेल एडवर्ड्सला स्पोर्टिंग डायरेक्टर केलं. तो कधी व्यावसायिक सामना खेळलेला नाही. पोर्ट्समथ आणि टॉटनहॅममध्ये खेळाचं विश्लेषण करून लिव्हरपूलमध्ये आलेला. त्याच्या आधीच्या कामावरून "लॅपटॉपवाला" म्हणून त्याची भरपूर टिंगल झाली होती.

त्या दिवशी कुणी मला विचारलं असतं की या दोघांत कोण जिंकेल, तर मी डोळे झाकून वॉल्श म्हटलं असतं. तुम्हीही म्हटलं असतं.

२०१७ च्या उन्हाळ्यात एव्हर्टनने सुमारे १४ कोटी पौंड खर्च केले. वेन रूनी, गिल्फी सिगुर्डसन, डेव्ही क्लासेन. तिघेही साधारण एकाच जागी खेळणारे. गोल करणारा रोमेलू लुकाकू मँचेस्टर युनायटेडला विकला गेला आणि त्याच्या तोडीचा दुसरा कुणी आलाच नाही. घरात तीन आचारी आणि शिधा आणणारा एकही नाही, अशी गत. ऑक्टोबरमध्ये मॅनेजर रोनाल्ड कूमान यांना काढलं. मे २०१८ मध्ये वॉल्शही गेला. नंतर त्याने स्वतःच सांगितलं की हॅरी मॅग्वायर आणि अँडी रॉबर्टसन या दोघांना घ्यायचा त्याचा विचार होता, पण क्लबने ते पुढे नेलं नाही. तोच रॉबर्टसन २०१७ मध्ये हल सिटीकडून बागेपलीकडे गेला, आठ दशलक्ष पौंडांच्या आसपास, आणि लिव्हरपूलचा वर्षानुवर्षांचा आधार झाला.

वॉल्शची नजर एका वर्षात अधू झाली का? तसं नाही. लेस्टरमध्ये तो आधी मॅनेजर नायजेल पियर्सन यांचा सहायक होता. दोघांनी वर्षानुवर्षं सोबत काम केलं होतं. पुढे रानिएरी यांनीही शेवटी कान दिला. एव्हर्टनमध्ये मॅनेजरची यादी वेगळी, मालकाची हौस वेगळी आणि वॉल्शची वही वेगळी. जौहरी तोच होता. दरबार बदलला होता.

हा योगायोग आहे असं कुणी म्हणेल. म्हणून लिव्हरपूलचंच आणखी एक उदाहरण देतो. एडवर्ड्स तिथे २०११ पासून होता. खेळाडू निवडायला एक समिती होती, त्या समितीत तो होता. मॅनेजर ब्रेंडन रॉजर्स आणि समिती यांची तोंडं दोन दिशांना. २०१५ च्या उन्हाळ्यात क्लबने दोन महागडे खेळाडू आणले. क्रिस्तियान बेन्टेके रॉजर्सना हवा होता, रोबेर्तो फिर्मिनो समितीला. ऑक्टोबरमध्ये रॉजर्स गेले, युर्गेन क्लॉप आले. बेन्टेके एका मोसमात विकला गेला. ज्या फिर्मिनोचं काय करावं हे रॉजर्सना उमगत नव्हतं, तो क्लॉप यांच्या संघाचा कणा झाला. समिती तीच, माणसं तीच, खेळाडूही तोच. फरक इतकाच की आता ऐकणारा माणूस आला होता.

आणि मग सलाह. आमच्या वाचकांना ही गोष्ट ठाऊक आहे असं वाटतं, पण तिचा अर्धाच भाग आपण सांगतो. इजिप्तमधल्या नगरिग गावचा मुलगा, सरावासाठी बस बदलत बदलत तासन्तास प्रवास करून कैरोला जायचा. हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पुढचं सांगत नाही. जानेवारी २०१४ मध्ये चेल्सीने त्याला सुमारे ११ दशलक्ष पौंडांना घेतलं आणि बाकावर बसवून ठेवलं. पुढच्या वर्षी त्याला इटलीत पाठवून दिलं. २०१७ मध्ये लिव्हरपूलने त्याला रोमाकडून आणायचं ठरवलं, तेव्हा कित्येक चाहत्यांनी नाकं मुरडली. चेल्सीने टाकलेला माल आपण का घ्यायचा? क्लॉप यांच्या मनात तेव्हा जर्मनीचा युलियान ब्रांट होता. एडवर्ड्स आणि त्याचे सहकारी बॅरी हंटर, डेव्ह फॅलोज यांनी सलाहसाठी त्यांच्या कानाशी भुणभुण लावली. हे क्लॉप यांनी स्वतः मोठ्या मनाने सांगितलं आहे. पहिल्याच मोसमात सलाहने लीगमध्ये ३२ गोल केले.

इथे "नजर की लॅपटॉप" हा वादही निकालात निघतो. लिव्हरपूलमध्ये आकडेवारीचं काम करणारे इयन ग्रॅहम हे केंब्रिजचे पीएचडी, मूळ विषय भौतिकशास्त्र. हंटर मात्र स्वतः खेळलेला, उत्तर आयर्लंडच्या राष्ट्रीय संघातून उतरलेला माणूस. एक आकडे बघत होता, दुसरा पाय बघत होता, आणि दोघांचं एकमत झालं तेव्हा ते मॅनेजरपर्यंत पोहोचवणारा आणि ऐकून घेणारा, दोघेही जागेवर होते. आमची मुलं ज्या दोन तटांत भांडतात ते दोन तट त्या क्लबात एकाच टेबलावर बसत होते.

आता जरा आपल्या घरातलं बोलतो, रागावू नका. इंग्लंडमधले व्यावसायिक खेळाडू दरवर्षी मतदान करून सर्वोत्तम खेळाडू निवडतात. २०१६ मध्ये महरेझ, २०१७ मध्ये कान्ते, २०१८ मध्ये सलाह. ओळीने तीन वर्षं तीन मुसलमान. आपल्या मोहल्ल्यात याचा केवढा गाजावाजा झाला! पुढे स्टॅनफर्डच्या संशोधकांचा अभ्यास आला की सलाह आल्यावर लिव्हरपूलच्या परिसरात द्वेषातून होणारे गुन्हे अपेक्षेपेक्षा १६ टक्क्यांनी कमी झाले. तोही आपण घरोघर पोहोचवला. मीही पोहोचवला. वाईट काय त्यात? काहीच नाही. गोल करून सजदा करणारा माणूस जगाने डोक्यावर घेतला, याचा आनंद खोटा नाही.

पण या तिघांना "आपले" म्हणताना आपण एक गोष्ट सोयीस्कर विसरतो. महरेझ पॅरिसजवळच्या सार्सेलमध्ये वाढला, कान्ते पॅरिसच्या दुसऱ्या एका उपनगरात. दोघेही आधी लहानसहान क्लबांतून खेळत राहिले, कारण मोठ्यांना ते किडकिडीत आणि ठेंगणे वाटले. त्यांना शोधायला कौम गेली नव्हती. कुणीतरी अनोळखी माणूस पावसात पायऱ्यांवर बसून वहीत लिहीत होता, आणि त्याची वही वाचणारा दुसरा माणूस होता. आपण त्यांच्या यशाचे वारस झालो, शोधाचे भागीदार कधीच नव्हतो.

आणि पावसात बसणाऱ्यांचं चाहते काय करतात? २०२० च्या ऑगस्टमध्ये, कोरोनाच्या दिवसांत, आर्सेनलने ५५ नोकऱ्या कमी करण्याचा प्रस्ताव जाहीर केला. त्यात खेळाडू हेरणारी माणसंही होती. फ्रान्सिस काहिगाओ गेला. वीसेक वर्षं क्लबसाठी शोध घेणारा माणूस, सेस्क फाब्रेगासपासून गाब्रिएल मार्तिनेलीपर्यंत कितीतरी नावांशी त्याचं नाव जोडलेलं. त्याच महिन्यात क्लबने बत्तीस वर्षांच्या विलियनला भल्यामोठ्या पगारावर आणलं. तो एका मोसमात गेला. त्यावर थोडी हळहळ झाली, नाही असं नाही. पण डायरेक्टर कोण असावा यावर जेवढी शाई सांडते, तिच्या तुलनेत या माणसांच्या वाट्याला थेंबही येत नाही. वरच्या खुर्चीत कोण बसणार याची उत्सुकता सगळ्यांना, खालची वही कुणी जाळली याची चौकशी कुणाला नाही.

एक आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो माझ्याच एका सहकाऱ्याने घेतला. ते म्हणाले, "म्हणजे माणूस कोणीही चालतो असं तुमचं म्हणणं आहे का? एडवर्ड्सच्या जागी तुम्हाला बसवलं असतं तर सलाह आला असता का?" नसता आला. पारख हा हुनर आहे, तो सगळ्यांकडे नसतो, आणि ज्याच्याकडे आहे त्याची कदर व्हायलाच हवी. एडवर्ड्स २०२२ मध्ये गेल्यावर लिव्हरपूलच्या मालकांनी २०२४ मध्ये त्याला आणखी मोठ्या पदावर परत बोलावलं, ते उगाच नाही. परत येताना तोही आधी आपले अधिकार काय असतील हे बघूनच आला असणार. हुनरमंद माणसाला हे आधी कळतं. कळत नाही ते आपल्याला. म्हणूनच वॉल्शसारखा हुनरमंद एव्हर्टनमध्ये वाया गेला की आपण म्हणतो, "नजर गेली त्याची," आणि पुढच्या नावाकडे वळतो.

हे सगळं मी एवढ्या तावातावाने का लिहितोय, तेही सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तिथे आठवीत एक मुलगा होता. डाव्या पायाचा. अंगाने कान्तेहून लहान. मी भाषेचा शिक्षक, पण मधल्या सुट्टीत माझी ड्युटी मैदानावर असायची, त्यामुळे दोन वर्षं त्याला रोज बघत होतो. तालुक्याच्या सामन्यांसाठी संघ निवडायची वेळ आली तेव्हा मी त्याचं नाव सांगितलं. उत्तर मिळालं, "सर, तुम्ही शायरी बघा." खोलीत हशा पिकला. मीही हसलो. संघ ठरला, त्यात उंच मुलं होती, ओळखीतली मुलं होती. संघ पहिल्याच फेरीत हरून परत आला.

मी बरीच वर्षं या गोष्टीचा दोष निवडणाऱ्यांना देत होतो. मग वॉल्श आणि कान्तेची गोष्ट वाचली आणि माझाच चेहरा मला दिसला. वॉल्श पुन्हा पुन्हा नाव घेत राहिला. मी एकदा घेतलं आणि गप्प बसलो. तो मुलगा पुढे मैदानावर यायचाच थांबला. तो पुढे मोठा खेळाडू झाला असता असा माझा दावा नाही. त्याला तालुक्यापर्यंतही जाऊ दिलं नाही, एवढंच मला ठाऊक आहे.

आपल्या संस्थांचंही असंच चालतं. नवी कमिटी येणार असली की चहाच्या टपरीपासून मशिदीच्या पायऱ्यांपर्यंत एकच चर्चा: सदर कोण होणार? हा आला तर शाळा सुधारेल, तो आला तर बुडेल. माणूस येतो, हार पडतात, तीन वर्षांनी पुन्हा तीच चर्चा. वर्गशिक्षिकेने रजिस्टरमध्ये लिहिलेलं, "ही मुलगी गणितात फार पुढे आहे, तिला शिष्यवृत्तीला बसवा," हे वाक्य कुणी वाचलं का, हे विचारायला एकही जण उठत नाही. आपल्याला दरवेळी नवा रहबर हवा असतो. जुनी वही उघडायचा कंटाळा असतो.

म्हणून माझ्या युनायटेडवाल्या विद्यार्थ्याला, जो आता कॉलेजात आहे आणि अजूनही मला निरोप पाठवून नव्या नेमणुकांची बातमी देतो, मी एवढंच सांगितलं आहे. नवा माणूस आला की त्याने आधी कुणाला शोधलं ते विचारू नकोस, ते सगळेच विचारतात. मॅनेजरने नाही म्हटलं तर याला पुन्हा बोलता येईल का, ते विचार. याच्या हाताखालची माणसं वाढली की कमी झाली, ते विचार. खेळाडू फसला तर खापर कुणावर फुटणार आणि चमकला तर फोटो कुणाचा छापणार, तेही विचार. उत्तरं मिळाली नाहीत तर आनंदाचे पेढे थोडे उशिराने वाट.

ऑगस्टमध्ये तालुक्याची निवड पुन्हा आहे. माझ्या वहीत यंदा चार नावं आहेत, त्यातलं एक सगळ्यात लहान चणीच्या मुलाचं. पहिल्यांदा सांगून झालं. "बघू" असं उत्तर आलं. उद्या स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी दुसऱ्यांदा सांगणार आहे.